गाठ गेली, मग हे दुखणं कशाचं?



गेल्या पौर्णिमेला आम्ही कागल तालुक्यातल्या बिद्रीत होतो. वंदना झाली, खीर वाटून झाली आणि महिला मंडळाच्या भगिनी आरोग्यावर बोलायला बसल्या. स्तनाच्या कर्करोगाचा विषय निघाला तेव्हा भिंतीला टेकून बसलेल्या एक ताई हळूच म्हणाल्या, "माजं आप्रेशन हून दोन वर्सं झाली. डाक्टर म्हणत्यात सगळं बरं हाय. पर काखंत आग हुती, दंडात करंट मारल्यागत हुतंय. ब्लाऊजची बाही घासली तरी सोसत न्हाई. घरात सांगून सांगून मीच कटाळलो. आता सांगायचं सोडून दिलंय."

त्यांची सून शेजारीच होती. ती म्हणाली, "कुणी म्हणतं आजार परत आलाय, कुणी म्हणतं मनाचा खेळ आहे. आणि एकजण करंटचं मशीन घ्या म्हणून मागं लागलाय. घ्यावं का?"

बैठकीतल्या आणखी दोघीतिघींनी मान हलवली. म्हणजे हे दुखणं एकीचं नव्हतं. म्हणूनच यावेळचं आरोग्य पान आम्ही त्या ताईंच्या आणि त्यांच्या सुनेच्या प्रश्नांना दिलं आहे. हे दुखणं खरं आहे का? आजार परत आलाय का? आणि करंटनं ते जातं का?

हे दुखणं खरं आहे

आपण 'नस' हा शब्द दोन गोष्टींसाठी वापरतो. एक रक्ताची शीर आणि दुसरी संवेदना वाहून नेणारी तार, म्हणजे मज्जातंतू. या लेखात नस म्हणजे ही दुसरी.

पाठीच्या कण्यातून निघणारी एक बारीक नस बरगड्यांमधून काखेत येते आणि दंडाच्या आतल्या बाजूच्या कातडीपर्यंत जाते. तिचं नाव इंटरकोस्टोब्रेकियल नस. स्तनाच्या कर्करोगाच्या ऑपरेशनमध्ये स्तनातली गाठ किंवा पूर्ण स्तन काढतात, त्याबरोबर काखेतल्या लसिका गाठीही काढाव्या लागतात, कारण आजार पहिल्यांदा तिथं पसरतो. ही नस नेमकी त्याच गाठींमधून जाते. ऑपरेशनमध्ये ती ताणली जाते, दुखावते, कधी कापावीच लागते. जीव वाचवण्यासाठी ते करावं लागतं, त्यात डॉक्टरची चूक असतेच असं नाही.

दुखावलेली नस दोन प्रकारे वागते. काही ठिकाणी ती गप्प बसते, म्हणजे कातडी बधिर होते. काही ठिकाणी ती खोटे निरोप पाठवत राहते. तिथं जखम नसते, पण मेंदूला निरोप जातो की भाजतंय, टोचतंय, करंट बसतोय. तार तुटलेल्या जागी ठिणग्या उडाव्यात तसं हे आहे. म्हणून हलका स्पर्शही सोसत नाही आणि त्याच जागी चिमटा काढला तर कळतही नाही. ऑपरेशननंतर तीन महिन्यांहून जास्त टिकणाऱ्या अशा दुखण्याला वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नाव आहे. रेडिएशन, ज्याला आपल्याकडं 'लाईट देणं' म्हणतात, आणि काही केमोची औषधं यांनीही नसा दुखावतात.

हे किती जणींना होतं? डेन्मार्क देशात २००५ आणि २००६ साली ऑपरेशन झालेल्या स्त्रियांना दोन-तीन वर्षांनी प्रश्न विचारले गेले. ३,२५३ जणींनी उत्तरं पाठवली. त्यातल्या ४७ टक्के, म्हणजे जवळजवळ निम्म्या जणींना तेव्हाही दुखत होतं. दुखणाऱ्यांपैकी निम्म्यांहून जास्त जणींचं दुखणं मध्यम किंवा तीव्र होतं. तरुण वयात ऑपरेशन झालेल्या, रेडिएशन घेतलेल्या आणि काखेतल्या सगळ्या गाठी काढलेल्या स्त्रियांमध्ये ते जास्त आढळलं. म्हणजे सगळ्या सोयी असलेल्या देशातही निम्म्या बायकांना हा त्रास होतो. तो बिद्रीतल्या ताईंच्या मनाचा खेळ कसा असेल?

नसेचं दुखणं काय असतं हे बाबासाहेबांनाही माहीत होतं. संविधानाच्या मसुद्याचं काम चालू होतं त्या काळात त्यांना मधुमेह होता, रात्र रात्र झोप नव्हती आणि पायांतल्या नसांच्या वेदनेनं ते हैराण होते. मुंबईत उपचार घेताना डॉ. शारदा कबीर यांच्याशी त्यांचा परिचय झाला आणि १५ एप्रिल १९४८ रोजी दोघांचा विवाह झाला. त्याच आपल्या माईसाहेब. बाबासाहेबांनी दुखणं नशिबावर टाकलं नाही, लपवलं नाही, डॉक्टरकडे नेलं. मागल्या जन्मीच्या पापानं या जन्मी दुःख भोगावं लागतं ही समजूत त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात स्पष्ट नाकारली आहे. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि कारण शोधलं तर त्यावर मार्ग आहे, ही आपली शिकवण. अंगातल्या दुखण्यालाही तीच लागू आहे.

आजार परत आला का?

ही भीती प्रत्येकीला वाटते आणि वाटणं साहजिक आहे. बहुतेक वेळा ऑपरेशनच्या जागेची जुनी, त्याच ठिकाणची, त्याच प्रकारची आग म्हणजे नसेचं दुखणं असतं. पण हे ठरवायचं काम डॉक्टरचं. तुम्ही किंवा आम्ही ते घरी बसून ठरवू नये.

पुढच्यापैकी काही दिसलं तर पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट न बघता लगेच दाखवा:

- छातीत, काखेत किंवा गळ्याच्या हाडाजवळ नवीन गाठ
- हात अचानक सुजणं किंवा हात लाल, गरम होऊन ताप येणं
- पाठीच्या कण्यात किंवा दुसऱ्या हाडात नवीन, रात्री वाढणारं दुखणं
- पायातली शक्ती जाणं, लघवी-संडासवरचा ताबा जाणं
- धाप लागणं, वजन उतरत जाणं

यातलं काही नसेल आणि तपासणीत आजार नसल्याचं ठरलं, तर भीती बाजूला ठेवून दुखण्याच्या उपचाराला लागायचं. 'आजार नाही' याचा अर्थ 'उपचार नको' असा होत नाही.

करंटच्या आधीच्या पायऱ्या

करंटचा उपचार ही पहिली पायरी नव्हे. त्याआधी साध्या, स्वस्त आणि बऱ्याच जणींना उपयोगी पडणाऱ्या गोष्टी आहेत.

पहिली पायरी व्यायामाची. दुखतं म्हणून हात अंगाशी धरून ठेवला की खांदा आखडतो आणि दुखणं दुप्पट होतं. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी हळूहळू वर चढत जायचं, खांदे गोल फिरवायचे. फिजिओथेरपिस्टकडून एकदा नीट शिकून घ्या आणि मग रोज घरी करा. जखम पूर्ण भरल्यावर व्रणावर खोबरेल तेलाचा हलका हात फिरवा. स्पर्श सोसत नसेल तर आधी कापूस, मग जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा, मग टॉवेल असं रोज थोडं थोडं घासून त्या जागेला स्पर्शाची सवय करता येते.

एक इशारा इथंच देतो. बधिर जागेला गरम विटेचा, तव्याचा किंवा गरम पाण्याच्या पिशवीचा शेक देऊ नका. चटका कळत नाही आणि कातडी भाजते.

दुसरी पायरी औषधाची. अंगदुखीची गोळी जखमेची सूज उतरवते, नसेच्या ठिणग्यांवर ती फारशी चालत नाही. दुकानातून आणून ती महिनोन्‌महिने खाल्ली तर पोट आणि मूत्रपिंड मात्र बिघडतं. नसेच्या दुखण्याची औषधं वेगळी आहेत: अमिट्रिप्टिलीन, गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन, ड्युलॉक्सेटिन. यातली काही फिटची किंवा मनाच्या आजाराची म्हणूनही दिली जातात. चिठ्ठी वाचून कुणी 'ही तर वेड्याची गोळी' म्हणालं तर घाबरू नका. ती नसेचे खोटे निरोप कमी करते. सुरुवातीला झोप येते, तोंडाला कोरड पडते. डोस हळूहळू वाढवतात, आणि गोळी आपल्या मनानं एकदम बंद करायची नसते. तुम्ही टॅमॉक्सिफेन घेत असाल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण ड्युलॉक्सेटिनमुळं टॅमॉक्सिफेनचं काम कमी होऊ शकतं.

तिसरी पायरी म्हणजे दुखऱ्या नसेजवळ भूल देणारं इंजेक्शन किंवा कातडीवर लावायची भुलीची पट्टी. हे काम भूलतज्ज्ञ करतात. ऑपरेशनच्या वेळी भूल देणारे डॉक्टर ते हेच. वेदनेवरचा उपचार हाही त्यांच्याच शास्त्राचा भाग आहे, हे आपल्याकडं फार थोड्यांना माहीत असतं.

एवढं करूनही दुखणं हटत नसेल तर करंटचा विचार होतो. टेन्स नावाचं बाहेरून लावायचं यंत्र मात्र व्यायाम आणि औषधाच्या जोडीलाही वापरतात.

करंटनं दुखणं कमी कसं होतं?

पोर पडलं की आई आधी त्याचा गुडघा चोळते आणि पोर शांत होतं. चोळल्यानं जखम भरत नाही, मग दुखणं कमी का होतं? याचं उत्तर १९६५ साली मेल्झॅक आणि वॉल या दोन शास्त्रज्ञांनी मांडलं. त्यांच्या सिद्धांताचं नावच 'गेट' आहे, म्हणून ते बिद्रीकरांना समजायला सोपं जाईल.

गाळप हंगामात बिद्रीच्या साखर कारखान्याच्या गेटवर उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागते. ट्रॉली जड, तिची चाल संथ. त्याच वेळी शिफ्ट बदलली आणि कामगारांच्या मोटारसायकली भराभर आत येऊ लागल्या, तर गेटवर त्यांचीच गर्दी होते आणि ट्रॉल्यांना थांबावं लागतं. आपल्या पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत असंच एक गेट आहे. दुखण्याचा निरोप बारीक तंतूंमधून संथ चालीनं येतो. स्पर्शाचा निरोप जाड तंतूंमधून वेगानं येतो. स्पर्शाचे निरोप एकसारखे येत राहिले की दुखण्याचे निरोप गेटवरच अडतात आणि मेंदूपर्यंत कमी पोचतात. आई गुडघा चोळते तेव्हा ती मोटारसायकली सोडत असते. यंत्राचा सौम्य करंटही तेच करतो. शिवाय शरीरात वेदना शमवणारी स्वतःची द्रव्यं असतात, तीही अशा करंटनं सुटतात.

१९६७ साली वॉल आणि त्यांचे सहकारी स्वीट यांनी माणसाच्या नसेला सौम्य करंट देऊन दुखणं तात्पुरतं थांबतं हे दाखवलं. त्याच वर्षी अमेरिकेत शीली या शल्यचिकित्सकानं कर्करोगाच्या वेदनेनं बेजार झालेल्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर करंट देणारी तार बसवली. आजची सगळी यंत्रं तिथून पुढं आली.

एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. करंट दुखण्याचा निरोप अडवतो. तो कर्करोग बरा करत नाही, कापलेली नस जोडत नाही. गेट अडवलं म्हणून रांगेतल्या ट्रॉल्या नाहीशा होत नाहीत.

बाहेरून लावायचं यंत्र: टेन्स

टेन्स म्हणजे मोबाईलएवढी एक डबी. तिच्यात बॅटरी असते आणि दोन किंवा चार वायरींच्या टोकाला चिकटपट्ट्या. पट्ट्या कातडीवर लावून करंट हळूहळू वाढवायचा. मुंग्या आल्यासारखं स्पष्ट जाणवलं पाहिजे, पण टोचता कामा नये. साधारण अर्धा तास ठेवतात. आराम पडला तर यंत्र चालू असताना आणि नंतर काही वेळ पडतो, कायमचा नाही. साधं घरगुती यंत्र काही हजार रुपयांत येतं. बऱ्याच फिजिओथेरपी विभागांत ते असतं, म्हणून विकत घेण्याआधी तिथं काही बैठका करून बघता येतात.

उपयोग किती? खरं ते सांगतो. २००७ साली ब्रिटनमध्ये स्तनाच्या कर्करोगाच्या उपचारानंतर दुखणं राहिलेल्या ४१ स्त्रियांवर अभ्यास झाला. त्यांना टेन्स, करंटचं दुसरं एक यंत्र आणि करंट नसलेलं नुसतं दिखाऊ यंत्र असं आळीपाळीनं दिलं. तिन्हींनी स्त्रियांना थोडं बरं वाटलं, पण टेन्स दिखाऊ यंत्रापेक्षा वरचढ असल्याचं सिद्ध झालं नाही. म्हणजे टेन्स ही जादू नाही. तरी नीट वापरलं तर त्यात धोका कमी आहे, पोटात गोळी जात नाही आणि काहींना आराम पडतो. म्हणून आठ-पंधरा दिवस करून बघावं. उपयोग झाला तर चालू ठेवावं, नाही तर सोडून द्यावं. कर्ज काढून घ्यावं अशी ही वस्तू नव्हे.

टेन्स लावताना हे पाळा:

- बधिर जागेवर पट्टी लावायची नाही. करंट किती झाला हे कळत नाही आणि कातडी भाजते. अशा वेळी पट्टी कुठं लावायची ते फिजिओथेरपिस्ट ठरवतात.
- जिथं कर्करोग अजून आहे किंवा असल्याची शंका आहे त्या जागेवर लावायचं नाही.
- रेडिएशननं कातडी लाल, सोललेली किंवा नाजूक झाली असेल तर तिथं लावायचं नाही.
- गळ्याच्या पुढच्या बाजूला आणि डोक्यावर लावायचं नाही.
- हृदयात पेसमेकर असेल, दिवस गेलेले असतील किंवा फिट येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय यंत्राला हात लावायचा नाही.

शरीरात बसवायचं यंत्र

दुसरा प्रकार मोठ्या शहरांतल्या मोठ्या रुग्णालयांत होतो. यात सुईवाटे एक बारीक तार दुखऱ्या नसेजवळ किंवा पाठीच्या कण्यात मज्जारज्जूच्या मागं सरकवतात. तिच्यातून सौम्य करंट सोडतात. आधी साधारण आठवडाभर चाचणी घेतात. तेव्हा यंत्र शरीराबाहेर असतं. दुखणं निम्म्यानं तरी कमी झालं, झोप लागू लागली, हात चालू लागला, तरच कातडीखाली बॅटरी बसवतात. काही नव्या पद्धतींत नसेजवळची तार ६० दिवस ठेवून काढून घेतात.

पाठीच्या ऑपरेशननंतर राहिलेल्या पायाच्या दुखण्यासाठी हा उपचार जगभर बऱ्याच वर्षांपासून केला जातो. स्तनाच्या ऑपरेशननंतरच्या दुखण्यासाठी मात्र त्याचा अनुभव मोजक्या रुग्णांपुरता आहे. त्यातल्या काही स्त्रियांना चांगला आराम पडल्याच्या नोंदी आहेत. पण मोजक्या नोंदी म्हणजे खात्री नव्हे.

तोटेही समजून घ्या. तार सरकू शकते, जागा पिकू शकते, बॅटरी संपली की बदलावी लागते. खर्च काही लाखांत जातो. आणि कर्करोगाच्या रुग्णासाठी महत्त्वाची गोष्ट म्हणजे एमआरआय. पुढं कधी तपासणीसाठी एमआरआय लागला तर प्रत्येक यंत्रासह तो करता येत नाही. म्हणून "या यंत्रासह एमआरआय चालेल का?" हा प्रश्न बसवण्याआधी विचारायचा आणि उत्तर कागदावर लिहून घ्यायचं.

आधीचे सगळे उपाय नीट करूनही दुखण्यानं जगणं अवघड झालं असेल अशा थोड्या स्त्रियांसाठी हा शेवटचा पर्याय आहे. घर किंवा जमीन विकून पहिल्याच फटक्यात करायचा उपचार हा नाही.

शिबिरातलं मशीन घ्यावं का?

सुनेच्या प्रश्नाचं सरळ उत्तर: असं मशीन घेऊ नये.

वस्तीत मोफत शिबिर भरतं. चार दिवस फुकट बसवतात, पाचव्या दिवशी मशीन गळ्यात मारतात. हप्त्यानं देतात, बचत गटाचं कर्ज काढायला लावतात. सांगणारा डॉक्टर नसतो, तुमचे कागद तो वाचत नाही, बधिर जागा कुठली हे तपासत नाही. त्याच एका मशीननं शुगर, गुडघे, लकवा आणि कॅन्सर सगळं बरं होतं असं तो सांगतो. जे सगळ्यावर चालतं म्हणतात ते कशावरच नीट चालत नाही, हे आपल्या आयाबायांनी अंगारे-धुपारे सोडताना ओळखलं होतं. अंगाऱ्याच्या जागी आता वायर आली, एवढाच फरक. कुणी सांगितलं म्हणून मानू नका, स्वतः पारखा, असं तथागतांनी कालाम लोकांना सांगितलं होतं. विकणाऱ्याला विचारा: दुखण्याचं निदान काय? यंत्राचं नाव काय? पट्टी कुठं लावायची नाही? उपयोग झाला नाही तर पैसे परत का? उत्तर न देता तो उठून गेला की समजायचं.

कुठं जायचं, काय सांगायचं

पहिला थांबा म्हणजे ज्यांनी ऑपरेशन केलं ते डॉक्टर किंवा रुग्णालय. सगळे जुने कागद एका पिशवीत घालून न्या. कोल्हापुरात छत्रपती प्रमिलाराजे सर्वोपचार रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर, हे राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेलं आहे. ज्या राजर्षींनी मार्च १९२० मध्ये माणगाव परिषदेत बाबासाहेबांच्या नेतृत्वाचं जाहीर स्वागत केलं, त्यांच्या नावाचं हे महाविद्यालय. तिथल्या खिडकीवर केसपेपर काढताना आपण कुणाचे उपकार घेत नाही, हक्कानं उभे असतो. तिथं सर्जरी विभागात दाखवा आणि फिजिओथेरपी व भूलतज्ज्ञांकडं पाठवण्याची विनंती करा.

मुंबईत परळचं टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाचे उपचार करतं. तिथं वेदनेवर उपचार करणारे स्वतंत्र तज्ज्ञ आहेत. मुक्कामाची अडचण असेल तर दादरला गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांसाठी आणि नातेवाइकांसाठी आहे.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन यांचा समावेश आहे आणि कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. दुखण्यावरचा कुठला उपचार त्यात बसतो हे योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला आधी विचारा, पैसे नंतर भरा.

डॉक्टरसमोर आपल्या बाया "दुखतंय" एवढंच म्हणून गप्प होतात. मग अंगदुखीची गोळी मिळते. घरातल्या शाळकरी मुलीकडून एका वहीत आठवडाभर लिहून घ्या: कुठं दुखतं, कसं दुखतं (आग, टोचणी, करंट, बधिरपणा), दिवसात केव्हा वाढतं, शून्य ते दहापैकी किती, कुठलं काम थांबलं, झोप किती लागली. ही वही डॉक्टरांच्या हातात द्या. "आग होते आणि करंट मारतो" हे दोन शब्द ऐकले की डॉक्टरांना नसेच्या दुखण्याची वाट दिसते.

ज्या भगिनींचं ऑपरेशन अजून व्हायचं आहे त्यांनी डॉक्टरांना एक प्रश्न जरूर विचारावा: "काखेतल्या सगळ्या गाठी काढाव्याच लागतील का?" आजार काखेत पसरल्याचं दिसत नसेल तर मोजक्या गाठी काढून तपासता येतात. त्याला सेंटिनल नोड बायोप्सी म्हणतात. टाटा मेमोरियलच्या शल्यचिकित्सकांनी आपल्या देशाला परवडेल अशी आणखी एक पद्धत अभ्यासली आहे. तिची वरची हद्द म्हणजे या लेखातली तीच नस. तिच्या खालच्या गाठीच काढायच्या. काखेत जितकं कमी कापलं जातं तितक्या नसा वाचतात. पण आजार काखेत पोचला असेल तर बऱ्याचदा सगळ्या गाठी काढाव्या लागतात. दुखण्याच्या भीतीनं ऑपरेशन मात्र टाळू नका.

घरच्यांसाठी चार शब्द

हे दुखणं डोळ्यांना दिसत नाही. हाताला प्लास्टर नसतं, जखम पदराखाली असते. म्हणून बाई घरी आली की महिन्याभरात पाण्याची घागर, वैरणीचा भारा, शेणघाण आणि भांगलण परत तिच्याच वाट्याला येते. "आता बरी झाली की" असं सगळे म्हणतात. हात अजिबात न हलवणं वाईट, तसंच आखडलेल्या हातावर एकदम भारा टाकणंही वाईट. हलकी कामं हळूहळू वाढवत न्यायची असतात. जड काम घरातल्या गड्यांनी आणि पोरांनी उचललं तर तो औषधाचाच भाग आहे.

तथागतांनी दोन बाणांचा दृष्टांत दिला आहे. पहिला बाण शरीरात लागतो. त्यावर शोक, भीती आणि चिडचिड यांचा दुसरा बाण मनात लागतो. नसेचं दुखणं हा पहिला बाण. "हिचं रोजचंच आहे" असं घरात कुणी म्हटलं की दुसरा बाण आपल्याच माणसानं मारलेला असतो. पहिला बाण काढायला डॉक्टर लागतो. दुसरा न मारणं आपल्या हातात आहे. खुद्द तथागतही उतारवयात पाठ दुखू लागली की तसं सांगून आडवे होत आणि उपदेशाचं काम सारिपुत्तावर सोपवत. दुखतंय हे सांगण्यात कमीपणा नाही, आणि तेवढा वेळ काम दुसऱ्याच्या हाती देण्यातही नाही.

बिद्रीतल्या बैठकीत शेवटी एवढं ठरलं. त्या ताईंची वही नातीनं लिहायची, पुढच्या आठवड्यात सुनेनं त्यांना सीपीआरला न्यायचं आणि मशीनवाल्याला मंडळानं नाही म्हणून सांगायचं. उठताना ताई म्हणाल्या, "म्हंजे मी सोंग करत न्हवतो तर." जवळच बसलेल्या त्यांच्या मुलानं मान खाली घातली, आणि जाताना आईच्या हातातली पिशवी स्वतःच्या खांद्याला लावली.

तुमच्याही वस्तीत अशी एखादी ताई, मावशी, आजी भिंतीला टेकून गप्प बसलेली असेल. हे पान तिला वाचून दाखवा आणि तिला विचारा, दुखतंय का?

जयभीम! नमो बुद्धाय!